बाळोत्यांचा हिशेब

शेतातली, धुण्यावरची, चुलीपुढची कामं सुरू ठेवूनच ऐका. आजचा विषयच त्या कामांचा आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका सुनेनं पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, ‘बाळंतपण’. मी त्या गटाची सचिव. मीच पटकन बोलून गेले, “अगं, सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते. गाडीसुद्धा फुकट. मग पंधरा हजार कशाला?” ती पोर खाली मान घालून बसली. कुणीच काही बोललं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “सचिवबाई, तुमचं बाळंतपण कोणं केलं, ते तुमच्या मायले विचारा.”

मला ते लागलं. कर्ज त्या दिवशी मंजूर झालं, पण म्हातारीचा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढच्या बैठकीला आम्ही बारा जणी वही घेऊन बसलो आणि लेकरू घरात आलं की काय काय लागतं ते लिहून काढलं. दवाखान्याच्या वाऱ्यांचं रिक्षाभाडं. बाळंतिणीसोबत राहणाऱ्या बाईचं जेवण, आणि तिची बुडालेली मजुरी. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशेपा, तूप. तेल, साबण, मच्छरदाणी. रोज दोन वेळच्या गरम पाण्यासाठी जास्तीचं सरपण, नाहीतर महिन्याच्या आतच संपलेलं सिलिंडर. बारशाच्या घुगऱ्या आणि पाहुण्यांचा चहा. आत्याचं लुगडं. मोठ्या पोराला सांभाळायला ठेवलेली पुतणी. पान भरलं, उलटलं, तरी यादी संपेना. बाळंतिणीची स्वतःची बुडालेली मजुरी तर शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आली.

त्या यादीवरून मला वाटलं, हा खर्च आणि हे काम आजचं नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी ते कोण करायचं, त्याचा मोबदला कोण द्यायचं? थोडं मागं जाऊन पाहू.

आपल्या जिल्ह्याला सिंदखेडराजाचा मान आहे. १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची जन्मतारीख आपल्या लेकरांना पाठ असते. दरवर्षी त्या दिवशी तिथं लाखांनी लोक येतात, पाळणा म्हणतात. पण त्या लखुजी जाधवांच्या वाड्यात म्हाळसाबाईंची बाज कुणी टाकली, पाणी कुणी तापवलं, सव्वा महिना बाळोती कुणी धुतली, हे कुठल्याही बखरीत नाही. राजघराण्यातल्या बाळंतपणाचं हे काम जर नोंदलं गेलं नाही, तर आपल्या पणजीचं कोण नोंदवणार? म्हणून ते घराघरातल्या आठवणींतूनच गोळा करावं लागतं.

माझी आजी घाटाखालची, नांदुऱ्याकडची. ती सांगायची, पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम होता. त्या नेमाला आपण मायेचा नेम म्हणतो आणि तो आहेही. पण त्यात हिशेबही होता. पहिल्या वेळचा सगळा खर्च आणि सगळी मेहनत आईबापाच्या घरावर. सासरी कामाचा एक हात कमी झाला, तरी बाळंतिणीला बसून खाऊ घालायची वेळ सासरवर येत नसे. परत जाताना वर बाळंतविडा द्यायचाच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र बाई सासरीच बाळंत व्हायची, आणि मग सव्वा महिन्याचा आराम बारा-पंधरा दिवसांवर यायचा.

कपड्यांचा खर्च मात्र जवळपास नव्हता. जुनं नऊवारी लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असे. त्याचीच दुपटी, त्याचीच बाळोती, उरलेल्याची गोधडी. कुंची घरातच शिवायची. पाळणा गावच्या सुताराकडून, नाहीतर दोन खुंट्यांना दोर बांधून लुगड्याची झोळी. सुतार, परीट, न्हावी यांना खळ्यावर बलुतं मिळायचं, म्हणून त्या वेळी हातात रोख पैसा लागत नसे.

आणि सुईण. तिला आपल्याकडे दाईही म्हणतात. अनेक गावांत हे काम दलित समाजातल्या बायांकडे होतं. रात्री-बेरात्री बोलावणं आलं की ती निघायची. नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला चोळून न्हाऊ घालायची, विटाळाचे कपडे धुवायची. बदल्यात चोळीचा खण, पायलीभर ज्वारी, नारळ. ज्या बाईच्या हातानं लेकरू या जगात आलं, तिला सोयर फिटलं की त्याच घराच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं. पूर्वी गावात माणुसकी होती असं आपण म्हणतो. होती, पण हेही होतं. बाळंतपणाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात घाणेरडं समजलं जाणारं काम ज्यांच्याकडे ढकललं, त्यांनाच मोबदला सगळ्यात कमी मिळाला.

आणि बाळंतपणात बाया मरत, लेकरं जात. म्हणून तर पाचवीला सटवाईपुढं हात जोडायचे. अंधारी खोली, कोंडलेला धूर, नाळ कापायला हाती येईल ते पातं. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, तोही बाळंतपणाच्याच विषयावर. पण परत आल्यावर क्षयानं त्या १८८७ मध्ये, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आतच वारल्या.

त्याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावानं एक निधी सुरू झाला. स्त्रियांसाठी दवाखाने काढायचे, स्त्री डॉक्टर आणि दाया शिकवायच्या, हा त्याचा हेतू. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’च म्हणतात. अकोल्याचं स्त्री रुग्णालय अजूनही लोकांच्या तोंडी ‘लेडी हार्डिंग’ आहे, तीही एका व्हाइसरॉयचीच पत्नी. आपल्या वऱ्हाडात अवघडलेली बाई बैलगाडीत घालून त्या दवाखान्यांपर्यंत नेणं, हा मात्र घरच्यांचाच खर्च होता. खाट दवाखान्याची, गाडी, बैल, गाडीवान, वाटेतला मुक्काम आणि सोबत जाणारी जाऊ घरची. आज गाडी बदलली. सोबत जाणारी जाऊ तीच आहे.

आता मजुरीकडे येऊ, कारण खरा घाटा तिथंच आहे.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात आपसातली लढाई चालली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ फुलली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. पुढं जिनिंग आणि प्रेस उभे राहिले. आधी घरोघर रेच्यावर सरकी काढायचं काम बाया घरात बसून करत, लेकरू मांडीजवळ ठेवून. ते काम कारखान्यात गेलं, आणि बाई त्याच्यामागं कारखान्यात गेली. आता लेकरू ठेवायचं कुठं?

काही बाया सोबत नेत. जिनिंगमध्ये हवेत कापसाचे तंतू उडत असत आणि तान्ही लेकरं त्यातच निजत. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया लेकराला अफूची बारीक गोळी देऊन घरी झोपवून ठेवत. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. इंग्रज सरकारनं मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला मोठा आयोग नेमला होता, त्याचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात या अफूची दखल घेतलेली आहे. आज ऐकून आपण त्या आयांना नावं ठेवू. पण विचार करा, बारा महिन्यांचं लेकरू, घरात दुसरं कुणी नाही, आणि मजुरी बुडली तर संध्याकाळची चूल पेटत नाही. लेकरू सांभाळणं हे काम आहे, आणि ते करायला माणूस लागतो, हे कुणी मानलंच नव्हतं. त्याची किंमत त्या लेकरांनी दिली.

याच काळात मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक मांडलं गेलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं होतं : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला आराम मिळणं हे सगळ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा, आणि जोपर्यंत सरकार तो उचलत नाही तोपर्यंत बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकानं तो उचलावा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. असा कायदा देशात पहिलाच. शेजारच्या मध्य प्रांतानंही १९३० मध्ये तसा कायदा केला.

हा मोठा बदल होता. बाळंतपण हा बाईच्या घरचा खासगी मामला नाही, त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पैसे मोजले पाहिजेत, हे पहिल्यांदा कागदावर आलं. पण कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. कापूस वेचणारी, निंदणाऱ्या-खुरपणाऱ्या बायांच्या रांगेतली आपली आजी त्यात नव्हती. १९६१ चा देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. चांगलंच झालं. पण शेतमजूर बाईची हजेरी कुठल्या मस्टरवर असते? तिचा मालक रोज बदलतो. सोमवारी एकाच्या वावरात, मंगळवारी दुसऱ्याच्या. तिला रजा कोण देणार?

तिच्यापर्यंत काही पोचायला फार वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून आपल्या अंगणवाड्या आल्या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २००५ च्याच रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. बाळगोळी ते ही तरतूद, एवढा रस्ता कापायला शंभर वर्षांच्या जवळपास गेली. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यात असेपर्यंतचं जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सगळं मोफत झालं. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क लिहून दिला. सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्यांनी तो लाभ आधीच मिळणाऱ्या बाया सोडून.

प्रत्यक्षात २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी पाच हजार ठरले. नंतरच्या बदलात दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळू लागले. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीचं स्वागत व्हावं म्हणून हा नियम, पण दूध पाजणाऱ्या आईची मजुरी लेकरू मुलगा की मुलगी बघून बुडत नाही.

आता जरा बोटावर हिशेब करू. दिवसाची मजुरी तीनशे धरू, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. बाई नुसती तीन महिने घरी राहिली तर पंच्याहत्तर दिवस. पंच्याहत्तर गुणिले तीनशे, साडेबावीस हजार. मिळाले पाच हजार, तेही हप्त्यांनी आणि कागद जुळले तर. मधले साडेसतरा हजार कुणी भरले? बाईनं. एकतर कर्ज काढून, नाहीतर दीड महिन्याचं लेकरू पाटीत घालून वावरात जाऊन. आमच्या गटातल्या त्या पोरीनं पंधरा हजार मागितले होते. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

जुने खर्च गेले तसे नवे आले, तेही पाहा. जुन्या लुगड्याच्या जागी डायपर आला. दिवसाला तीन धरले आणि एक दहाचा, तर महिन्याला नऊशे. वापरलेले टाकायचे कुठं हा वेगळाच प्रश्न. उकिरड्यावर कुत्री ओढतात, नालीत टाकले तर नाली तुंबते. प्रवासाला, दवाखान्यात जाताना वापरा, पण घरात जुन्या सुती साडीची बाळोती लेकराच्या अंगाला आणि खिशाला दोन्हीला बरी. दुसरा खर्च पावडरच्या दुधाच्या डब्याचा. लेकराच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाची बरोबरी डबा करत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो घरात आणू नये. आणि तिसरा खर्च बारशाचा. घुगऱ्या आणि पाळण्याच्या जागी मंडप, डीजे, फ्लेक्स आले. त्या एका दिवसाच्या पैशात बाळंतीण महिनाभर घरी राहू शकते.

पैशाचा हिशेब झाला, आता कामाचा. आजी म्हणायची, “बाळंतीण घरात आली की विहीर दोन हात जवळ आली पायजे, पण ते काही येत नाही.” शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या खारपाणपट्ट्यातल्या बाया हे चांगलं जाणतात. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चिकट बाळोतं निघता निघत नाही, वाळलं की कडक होतं आणि लेकराच्या मांड्या लाल होतात. म्हणून गोडं पाणी वेगळं आणायचं. घाटावरही उन्हाळ्यात टँकरची वाट बघायचीच. दिवसाची पंधरा-वीस बाळोती, दोघांच्या आंघोळी, शेक, धुरी, बाळंतिणीचं वेगळं जेवण, रात्रीची जागरणं. हे काम कोण करतं? सासू, आई, जाऊ, नणंद. म्हणजे बाईच.

देशात २०१९ मध्ये सरकारनं माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. लेकरा-म्हाताऱ्यांची काळजी घेण्यात बायांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. आणि हे झालं जे काम करतात त्या पुरुषांचं. जे हातच लावत नाहीत, ते या आकड्यांत नाहीत.

आता आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते, पटलं तर घ्या. एक, कर्जाच्या वहीत ‘बाळंतपण’ असं कारण आलं तर ‘कशाला’ असं विचारायचं नाही. या कर्जाची परतफेड बाळंत झाल्यावर चौथ्या महिन्यापासून. दोन, गरोदर बाईची नोंद लवकर अंगणवाडीत आणि आशाताईकडे करायची, तिचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि आधार आधीच जुळवून ठेवायचं, म्हणजे हप्ता अडकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मानव विकासच्या तालुक्यांत गरोदर बाईला बुडीत मजुरी देण्याची योजना आहे, तिची चौकशी आरोग्य केंद्रात करायची. तीन, जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची, तोपर्यंत ती मोफत असते. चार, बाळंतिणीच्या घरी गटातल्या बायांनी पाळीनं दोन-दोन हंडे पाणी टाकायचं, पहिले पंधरा दिवस.

पाचवी गोष्ट ठरावात नाही. त्या सुनेला मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा तिचा नवरा हापशावर बाळोती धूत होता. दोन पोरं त्याच्याकडं बघून हसत होती. तो मला म्हणाला, “काकू, फेस कसा येत नाही वो या पाण्यात?” मी म्हटलं, “बापा, हे बायाईनं तुले कितीक वर्षांपासून सांगितलं, आज कळलं.” तो हसला आणि पुढचं बाळोतं घेतलं.

माझ्या आईला मी नंतर तो म्हातारीचा प्रश्न विचारला. माझं बाळंतपण तिनं केलं तेव्हा ऐन कापूस वेचणीचे दिवस होते. तिच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब आम्ही दोघींनी मिळून मांडला. पस्तीस दिवस भरले. ते मी वहीत लिहून ठेवलेत. तुम्हीही आपापल्या आईला विचारा आणि लिहून ठेवा.